मापाच्या वहीतला ताप

"आली स्वारीची तीन दिवसांची सुट्टी!" दुकानाचं शटर ओढता ओढता काकूंनी टोमणा हाणला. टेलरकाका कापडाच्या टेबलावरच पोट धरून आडवे. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि कळ अशी की शिवी द्यायलाही श्वास पुरेना. पण तीन दिवसांनी हाच माणूस शिट्टी वाजवत मशीनवर बसणार, हे गल्लीला पाठ. म्हणून तर सगळे म्हणायचे, सोंग आहे सोंग!

या खेपेला मात्र वरात दवाखान्यात पोचली. मोठे डॉक्टर नाकातून बोलले, "अपेंडिक्स दिस्तंय. उद्या सकाळी पोट उघडू."

काकांची पाचावर धारण बसली. "अहो, परवा आपोआप थांबेल! बाबांनाही असंच व्हायचं." पण ऐकतो कोण?

ऐकलं शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी. "वडिलांनाही? किती दिवस?"

"मापाच्या वह्या आण गं!" काका ओरडले.

दुकान बंद राहिलं की कपड्यांचा वायदा पुढे ढकलायचा, म्हणून त्या दिवशी वहीत फुली मारायची, ही बाबांची शिस्त. काकूंनी दुकानातून आणलेली पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. छाती अडतीस, बाही तेवीस, फुली, फुली, फुली. चाळीस वर्षांत बापलेकांच्या सलग फुल्या तीनच्या पुढे म्हणून गेल्या नव्हत्या!

डॉक्टरीणबाईंचे डोळे लकाकले. "सर, घराण्यातून येणारा ताप असतो ना एक, पोटाचं अस्तर सुजवणारा? काही देशांत हजारात एकदोघांना असतो."

"तो आपल्या लोकांत नस्तो," नाक वाजलं.

काका ताडकन उठून बसले. "मोजलंय कुणी? माप घेतलंच नाही आणि म्हणता कंबर नाही!"

आधी काकू फिस्सकन हसल्या, मग खुद्द नाकसुद्धा. सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स ठणठणीत! सुरी थांबली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात शिट्टी घुमली. पुढे रक्ताच्या रिपोर्टनंही तोच ताप सांगितला, आणि रोजची एक गोळी सुरू झाली.

आता काका टेप लावतानाच विचारतात, "कधी तीन दिवसांचा ताप? पोटात कळ?" परवा पँटच्या मापाला आलेला पोस्टमन दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं? घरचे तर सोंग म्हणतात!"

अर्धी मोजलेली कंबर तशीच टाकून काका फोनकडे धावले. "डॉक्टरीणबाई, दुसरा सापडला बहुतेक! घेऊन येतो, माप घ्या!"