तिरक्या खोल्या

बरकतपुऱ्यातलं आमचं आठकोनी घर आजोबांनी निजामाच्या काळात बांधलं. वारा कुठूनही सुटो, एक तरी खिडकी त्याच्या तोंडावर हवी, हा त्यांचा हट्ट. लोक मुद्दाम बघायला यायचे. हणमंतकाका तिथेच जन्मले आणि कोर्टाबाहेर टेबल टाकून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज, दस्त लिहीत बसले. इतका सरळ माणूस की मला चीड यायची.

आजोबा गेल्यावर भावाभावांची वाटणीही त्यांनीच लिहिली. दस्तात चतुःसीमा, म्हणजे चारच दिशांच्या हद्दी, लिहायची रीत. तेव्हा चार दिशांच्या चार खोल्यांपैकी दोन माझ्या बाबांना, म्हणजे प्रतापरावांना, आणि दोन स्वतःला. मधल्या चार तिरक्या खोल्या धड पूर्वेला ना दक्षिणेला. "त्या दोघांच्याच की" म्हणून काकांनी कागदावर घेतल्याच नाहीत. हजारो दस्त लिहिणाऱ्या माणसाने हे करावं!

पंच्याण्णव साली जमिनीचे भाव आभाळाला भिडले. बाबांनी आपला हिस्सा बिल्डरला विकला आणि तिरक्या खोल्याही आपल्याच म्हणून सांगितल्या. त्यातल्या एकीत पद्माकाकू, काकांची बायको, दोन वर्षं लकव्याने पडून होत्या.

एका दुपारी पहारी घेऊन बिल्डरचे सहा जण आले. काका काकूंच्या दारात उभे राहिले.

"हटो चाचा, कागज में तुमारा नाम नईं है."

"माझी बायको आत आहे!"

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. हाड मोडलेलं मी ऐकलं. तरी त्यांनी चौकट सोडली नाही. त्यांच्यातले दोघं मागची भिंत फोडू लागले, चुना काकूंच्या अंथरुणावर पडू लागला. त्यांना ओरडताही येईना, घशात नुसती घरघर. बाबा फाटकाशी उभे होते.

"बाबा, थांबवा त्यांना!"

"दस्त त्यानेच लिहिलाय, सुधीर."

मी वीट उचलून बाबांना मारली. कपाळ फुटून ते खाली बसले. विकणाराच पडलेला बघून ती माणसं पळाली.

काका सरपटत आले. मला वाटलं, जवळ घेतील. मी वाकलो, तर त्यांनी कानाखाली वाजवली. "बापावर हात टाकतोस?" मग स्वतःचं उपरणं फाडून भावाचं कपाळ बांधलं.

पोलिसांना त्यांनी एकाचंही नाव सांगितलं नाही. आठवड्याने घर पाडलं; तिरक्या खोल्या गेल्यावर काकांच्या दोन खोल्याही उभ्या राहिल्या नाहीत. दिलसुखनगरच्या भाड्याच्या खोलीत काकू महिनाभरच जगल्या.

पहारी घेऊन आलेले सहा, घर विकणारा एक. काकांनी हात उगारला तो एकट्या माझ्यावर.