भिवाजीचा दिवसाचा पास

धोंडाबाईला अलीकडे काही ध्यानात राहत नव्हतं. चूल पेटवायची आणि चुलीपाशी आपण कशाला बसलो तेच विसरायची. श्रावणातल्या एका सकाळी नवरा भिवाजी भाताच्या खाचरात गेला असताना ती उरवडे गावातल्या घरातून निघाली. पिरंगुटच्या टपरीवाल्यानं तिला पुण्याच्या बसमध्ये चढताना पाहिलं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

पोलिसांत तक्रार झाली. मुलगा शेखर रजा काढून मोटारसायकलवर हिंडला. रजा संपली, तसा भिवाजी एकटाच निघाला. मार्केट यार्ड सोडून शहरातलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

"कुठं जायचं, बाबा?" कंडक्टर कैलासनं विचारलं.

"ठाव न्हाई."

"मग तिकीट कुठलं देऊ?"

भिवाजीनं बायकोचा फोटो पुढं केला. "हिला हुडकायचीय. बस जाती तितं जायाचं."

कैलास फोटोकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "गावापासनं पास घेतला तर महाग पडंल. चांदणी चौकापर्यंत साधं तिकीट काढा. तितनं शहराचा दिवसाचा पास घ्या. मग कुठल्याबी बसमदी बसा, पुन्यांदा तिकीट लागत न्हाई."

भिवाजीनं तसंच केलं. हडपसर, कात्रज, निगडी. शेवटच्या थांब्यावर उतरायचं, चहावाल्यांना फोटो दाखवायचा, दुसरी बस धरायची. एकदा स्वारगेटला खिडकीतून तीच पाठ दिसली, पदर ओढून घेण्याची तीच लकब. तो ओरडतच उतरला. बाई वळली. "मी न्हवं ओ ती," ती घाबरून म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिनं पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली.

पुढं कैलासनंच सुचवलं, "बाबा, ज्येष्ठांचा महिन्याचा पास काढा. रोज घेण्यापेक्षा लई स्वस्त पडतो."

भिवाजी भडकला. "म्हैना? आन् आज गावली तर?"

कैलासनं तो विषय पुन्हा काढला नाही.

भाताची कापणी झाली. शेखर एका संध्याकाळी म्हणाला, "आबा, आता बास करा." दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजी पासाच्या खिडकीवर जाऊन उभा राहिला. आतल्या बाईंनी फोटो मागितला, त्यानं खिशातला दिला.

"हा नव्हे आजोबा, तुमचा हवा."

त्याचा फोटो नव्हताच. शेजारच्या दुकानात बसून त्यानं काढून घेतला आणि महिन्याचा पास घेतला.

पुढचा पासही त्यानं काढला, त्याच्या पुढचाही. आता तो धोंडाबाईचा फोटो कुणाला दाखवत नाही, चहावाल्यांकडं जात नाही. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तरी खिडकीशी बसून राहतो.

"बाबा, उतरायचं न्हाई?" कैलास विचारतो.

"न्हाई," भिवाजी म्हणतो. बस वळते आणि आल्या रस्त्यानं परत निघते.