खाक्यांचे दिवे

दिनांक ५ नोव्हेंबर २०२३, रविवार. विक्री रुपये ६,४८०.

बदलापूरच्या एका हॉलमध्ये दिवाळीनिमित्त बचत गटांचे प्रदर्शन होते. माझी धाकटी बहीण सुषमा भालेराव हिने तिथे एका टेबलावर कागदी दिवे मांडले होते. एक दिवा एकशे ऐंशी रुपयांना. पैसे घ्यायला मी बसलो होतो. पहिल्याच प्रदर्शनात छत्तीस दिवे गेले, म्हणजे माणसाने खूश व्हावे. मी मात्र रिक्षाने अंबरनाथला परतलो तो संतापलेला.

कारण दोन शब्द. दिवसभर जी येई ती दिवा हातात घेई, फिरवून बघे, नवऱ्याला हाक मारून दाखवी, "कित्ती गोड!" म्हणे आणि मग विचारी, "एकशे ऐंशी? कागदच ना?"

एक बाई तर दोनशे चाळीस रुपयांची कॉफी पीत उभी होती. "शंभरला द्या. कागदाचं तर आहे."

सुषमा म्हणाली, "ताई, तुमचा तो कपपण कागदाचाच आहे."

बाई हसली आणि पूर्ण पैसे देऊन गेली. मला हसू आले नाही.

हा कागद काय आहे, ते सांगतो. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचे कारखाने आहेत, हे सर्वांना माहीत आहे. खिशावर किंवा जॅकेटच्या पाठीवर जे भरतकाम होते, त्याची नक्षी कापडावर उमटते कशी, हे फारसे कोणी विचारत नाही. आधी ती नक्षी ट्रेसिंगच्या कागदावर पेन्सिलने काढतात. मग तो कागद घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवून रेषेवर सुईने टोचत जातात, भोकाला भोक लागून. उलट्या बाजूने बारीक पॉलिशपेपर फिरवला की भोके मोकळी होतात. हा झाला खाका. तो कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पावडर बोळ्याने वरून फिरवायची. कापडावर ठिपक्या-ठिपक्यांची वेल उमटते आणि कारागीर तिच्यावर दोरा चालवतो.

सुषमाने एकोणीस वर्षे खाके टोचले. कमलेश शेठच्या कारखान्यासाठी. नक्षीही बहुतेक तिचीच. शेठ म्हणत, "सुषमा, इस बार पंछी में कुछ बना," आणि ती घरी ओट्यावर भाकरी थापता थापता पीठ लागलेल्या बोटाने पाखरू काढून बघे. जयदेव, म्हणजे माझे मेहुणे, केमिकल कंपनीत शिफ्टला. दोन मुली. दिवसा स्वयंपाक, शाळा, पाणी, दुपारी टोचणी. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जो घट्टा पडला आहे, त्यात आता सुई टोचली तरी तिला कळत नाही.

मग शेठने कॉम्प्युटरची मशिने आणली. त्यांना खाका लागत नाही. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. मी स्वतः बी.कॉम. आहे, छत्तीस वर्षे कंपनीची खाती लिहितो आहे, मला धंदा समजतो. पण एकोणीस वर्षांच्या कामाचा शेवट एका फोनने व्हावा? "अब मत आना, काम नहीं है." ना हिशेब, ना चहा. त्यानंतर काही महिन्यांनी दुकानाचा माळा रिकामा करताना शेठने तिला बोलावले आणि जुन्या खाक्यांचा गठ्ठा दिला. नाहीतर तो कचऱ्यात जाणार होता.

ती तो गठ्ठा घरी घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "हे कशाला आणलंस? उंदीर होतील."

"दादा, माझ्या हातचं आहे सगळं. टाकवत नाही."

गच्चीवर आठवडाभर वाळवून तिने त्यांचा रॉकेलचा वास घालवला. पुढे बुद्धपौर्णिमेला भिंतीवरच्या भगवंताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काही लावावे म्हणून तिने एक मोठा खाका गोल वळवून चिकटवला आणि आत साधा एलईडीचा बल्ब सोडला. घरातले दिवे घालवले. भिंतीभर मोर. ठिपक्यांचा मोर, पिसाऱ्यासकट, छतापर्यंत. मुली ओरडल्या. जयदेवराव शिफ्टवरून आले ते बूट न काढता उभेच राहिले.

शेजारणीने एक मागितला. तिच्या बहिणीने दोन. बदलापूरला आता जिकडेतिकडे नवे टॉवर आहेत, त्यात आमच्यासारखीच माणसे हप्त्यांवर घरे घेऊन राहतात. घर घेताना सगळे पैसे भिंतींना गेलेले असतात, भिंतीवर लावायला काही उरत नाही. अशा घरात एकशे ऐंशी रुपयांत संध्याकाळी मोर येतो. हे मी ती माझी बहीण आहे म्हणून कौतुकाने सांगत नाही. मी हे त्या घरांत जाऊन पाहिले आहे.

प्रदर्शनानंतर तिसऱ्या दिवशी कमलेश शेठचा फोन आला. त्यांची सून जिज्ञासा प्रदर्शनातून एक दिवा घेऊन गेली होती. शेठने तो पाहिला आणि ओळखला.

"सुषमा, ये तो अपना माल है. खाका मेरा है. मेरे पैसे से बना है. सब वापस लेके आ." शिवाय जिज्ञासा असे दिवे बनवून घेऊन ऑनलाइन विकणार होती, तेही त्यांनी सांगून टाकले.

मूळ खाका तिने कधीच दिव्याला वापरला नव्हता, तो पहिला मोर सोडला तर. ती मूळ खाका नव्या कागदावर ठेवून पावडर मारी आणि ठिपक्यांवरून नव्याने टोची. म्हणजे तो गठ्ठा गेला की दिवे संपले. चष्म्याचा नंबर इतका वाढला होता की नव्याने ती नाजूक नक्षी काढणे तिला जमले नसते.

आणि ही बाई गठ्ठा बांधायला बसली!

मी म्हणालो, "सुषमा, डोकं फिरलंय का तुझं?"

"दादा, रीत आहे तशी. टोचणीचे पैसे शेठने दिलेत ना? मग खाका शेठचा. कॅम्पात कुणालाही विचार."

"आणि नक्षी?"

"तिचे पैसे कुणी मागतं का?"

मी त्या दिवशी तिच्यावर जितका ओरडलो तितका माझ्या मुलांवरही कधी ओरडलो नाही. कामगाराने काम करायचे, मालकाने फेकायचे, फेकलेले सोने निघाले की पुन्हा मालकाने मागायचे, आणि आमच्या माणसांनी ते नीट सुतळीने बांधून पोहोचवायचे! ती ऐकून घेत राहिली आणि गाठ मारत राहिली. शेवटी म्हणाली, "तुला यायचं तर ये. भांडायला येऊ नकोस."

सकाळी आम्ही शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेलो. शेठचे दुकान नुकते उघडले होते. झुलेलालच्या तसबिरीला उदबत्ती लावून शेठ गादीवर बसत होते. जिज्ञासा मागे लॅपटॉप घेऊन बसली होती. सुषमाने गठ्ठा काउंटरवर ठेवला.

शेठ दचकले. "अरे अरे, उठा उसको! अभी बोहनी नहीं हुई है. फुकट का लेना-देना नहीं अभी. बैठ जा. एक गिराईक आने दे."

आम्ही बाकावर बसलो. गिऱ्हाईक येईना. समोरच्या दुकानदाराने हाक मारली, "क्या कमलेशभाई, सुबह सुबह पंचायत?" शेठने हात हलवला. मी धुमसत होतो. आमची वस्तू घ्यायची, तीही त्यांच्या शुभमुहूर्तावर!

आणि सुषमा एकदम म्हणाली, "शेठ, त्या दिवशीपण तुमची बोहनी झाली नव्हती."

"किस दिन?"

"गठ्ठा दिलात त्या दिवशी. मी सकाळीच आले होते. तुम्ही म्हणालात, बोहनीच्या टायमाला फुकट देणार नाही, कुछ तो दे. मी दहाची नोट दिली."

"दस रुपये? अरे वो तो ऐसे ही..."

"ऐसे ही?" सुषमा उठली. तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. तो आता रस्त्यापर्यंत गेला. "नोट तुम्ही कपाळाला लावलीत. झुलेलालला लावलीत. मग गल्ल्यात टाकलीत. बोहनी घेतलीत माझ्याकडून! आता सांगा, ती खोटी होती. इथे उभे राहून सांगा, की मी बोहनीच्या पैशाला ऐसे ही म्हणतो!"

समोरचा दुकानदार उंबऱ्यावर आला. शेजारचाही.

"सुषमा, आवाज नीचे," शेठ म्हणाले. "मैंने कब बोला झूठी है?"

"मग विकलात की नाही?"

या बाजारात बिल फाडता येते, शब्द फिरवता येतो, चेक परत पाठवता येतो. पण घेतलेली बोहनी खोटी म्हणणारा दुकानदार मी पाहिलेला नाही, आणि दोन शेजाऱ्यांसमोर तर नाहीच.

"पर डिझाइन तो..." जिज्ञासा मागून म्हणाली.

"बेटा, तू चुप कर," शेठ म्हणाले. मग गठ्ठ्याकडे न बघता, "ले जा. बेच दिया तो बेच दिया."

एवढेच. चुकले असे कोणी म्हणाले नाही. एकोणीस वर्षांची नक्षी कोणाची, याचे उत्तर कोणी दिले नाही. दहाची नोट नसती तर ती नक्षी शेठची ठरली असती आणि सारा बाजार मान डोलावून मोकळा झाला असता; माझी बहीणसुद्धा. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जावा अशी इच्छाही नाही. परतताना मी तिला म्हणालो, "यापुढे प्रत्येक दिव्याच्या तळाशी तुझं नाव टोचायचं."

"नाव कशाला?" ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं. बारीक टोचते."

गठ्ठा तिने मांडीवरून खाली ठेवला नाही.

डिसेंबरात जिज्ञासा स्कूटीवरून अंबरनाथला आली. सासऱ्यांना सांगू नका म्हणाली. तिला स्वतःच्या खोलीसाठी दोन दिवे हवे होते, पाखरांचे. तळाचे नाव तिने बोटाने चाचपून पाहिले. तीनशे साठ झाले. तिने तीनशे दिले, बाकीचे घरी जाऊन ऑनलाइन पाठवते म्हणाली.

साठ रुपये अजून येणे आहेत.