दुसऱ्याच्या तोंडानं वाचलेली पाटी

"बोर्ड असतो गाडीवर. वाच ना."

चौकशीच्या खिडकीतला माणूस माझ्याकडं न बघता म्हणाला. त्याच्यापुढं चहाचा ग्लास होता. नाशिकच्या जुन्या सीबीएसवर, एसटी स्टँडवर, मी त्या खिडकीच्या जाळीला तोंड लावून उभी होते. पेठची गाडी कुठं लागली, एवढंच विचारलं होतं.

"वाचता येत नाय, साहेब."

आता त्यानं वर बघितलं. डोक्यावरच्या पदरापासून पायातल्या प्लॅस्टिकच्या चपलेपर्यंत बघितलं.

"मग घरी बसायचं. कशाला फिरता गावभर?"

माझ्या मागं उभे होते ते हसले. मी जाळी सोडली आणि बाजूला झाले.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. मी आणि माझा नवरा नाशिकजवळ अंबडला बिगारी काम करत होतो. कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि आम्ही डोंगरची माणसं त्यांच्या विटा वाहत होतो. त्या दिवशी सकाळी गावचा एक माणूस कामावर निरोप घेऊन आला. "तुझ्या आयचं काय खरं नाय. तुझं नाव घेती सारखी. आजच्या आज निघ." माझ्या हातातली विटांची पाटी तिथंच पडली. नवऱ्याला बरोबर येता येईना, कारण त्या दिवशी स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी मुकादम कुणाच्या बापासाठीही माणूस सोडत नाही. मग मी एकटी निघाले.

एकटी मी कधी गाडीत बसले नव्हते. नवऱ्यालाही वाचता येत नव्हतं, पण तो बाप्या माणूस, चारचौघांना दरडावून विचारायचा. आणि खरं सांगायचं तर आम्ही गाडी पाटीवरून ओळखायचोच नाही. माणसांवरून ओळखायचो. आमच्यासारखं लुगडं, आमच्यासारखी गाठोडी, आमच्यासारखं बोलणं जिथं दिसेल ती पेठची गाडी. कधी चूक झाली नव्हती.

पण ते गडाच्या जत्रेचे दिवस होते. वणीला देवीच्या गडावर जायला सगळा डोंगर स्टँडवर उतरला होता. जिकडं बघावं तिकडं आमच्यासारखीच माणसं. प्रत्येक गाडी मला माझीच वाटायला लागली. आई तिकडं नाव घेतेय आणि मी इथं गाड्यांच्या तोंडाकडं बघत फिरतेय. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. मला तर मुंग्या चाललेल्या दिसत होत्या.

शेवटी एक माणूस दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेला पेपर, बरोबर दोघं मित्र. ज्याच्या हातात पेपर त्याला वाचता येतं, आणि वाचता येणारा माणूस शहाणा असतो, एवढाच माझा हिशोब. मी हात जोडून विचारलं, "दादा, पेठची गाडी कोणती?"

त्यानं मित्रांकडं बघितलं. मग समोरच्या गाडीकडं बोट केलं.

"ही काय, हीच. पळ लवकर, सुटेल."

मी पळाले. मागून तिघांचं हसू ऐकू आलं. मला वाटलं, त्यांचं आपसात काही असेल. मी त्याला मनातल्या मनात आशीर्वादसुद्धा दिला. हे आठवलं की आजही माझं मला थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंचवटी गेली, नाका गेला, मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. माणसांच्या काखेत माझं डोकं. कंडक्टर तिकीट फाडत फाडत माझ्यापर्यंत आला तोवर गाडी म्हसरूळच्या कितीतरी पुढं गेली होती.

"कुठं?"

"पेठ."

"पेठ? अगं बाई, ही कळवणची गाडी. पुढं एवढा मोठा बोर्ड लावलाय, दिसला नाही का?"

लोक हसले. एक जण म्हणाला, "जंगलातून आलीय वाटतं." पुढच्या बाकावरची एक म्हातारी तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घातली. तिलाही वाचता येत नसणार.

मी कंडक्टरच्या पाया पडले. "माझी आई मरायला टेकलीय, दादा."

"मग बघून बसायचं ना," तो म्हणाला, आणि घंटीची दोरी ओढली.

बघून बसायचं. मी बघितलं होतं हो. डोळे फाडून बघितलं होतं. देवानं डोळे सगळ्यांना दिले, पण त्या डोळ्यांना काम कुणी शिकवलंच नव्हतं, त्याला मी काय करू? रस्त्याच्या कडेला मी एकटी उभी राहिले. उलट्या दिशेनं येणाऱ्या गाड्या जत्रेच्या, खच्चून भरलेल्या. हात केला, थांबली नाही एकही. मग चालायला लागले. चैत्राचं ऊन होतं, डांबर वितळलेलं. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली. वाटेत मैलाचे दगड लागत होते. त्यांच्यावरही काहीतरी लिहिलेलं होतं. मी दगडांना शिव्या देत चालले.

स्टँडवर परत पोचले तेव्हा दिवे लागले होते. पेठची शेवटची गाडी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. ह्या वेळी पाच जणांना विचारलं. पेठला उतरून डोंगर चढून घरी पोचले, तर अंगण नुकतंच सारवलेलं. भाऊ डोकं भादरून बसलेला. मला बघून तो उठलासुद्धा नाही.

"रातच्याला गेली," तो म्हणाला. "सांजच्या गाडीनं आली नाय तू. म्हनलं, निरोपच पोचला नसंल. सकाळी माती उरकली."

वहिनी म्हणाली, "दिसभर दाराकडं बघत व्हती. गाडीचा आवाज खाली घाटात आला की इचारायची, आली का."

मी तिथंच अंगणात बसले. रडू आलं नाही. आईचं तोंड शेवटचं कसं होतं, हे मी वहिनीला विचारलं. तिनं सांगितलं. आईचं शेवटचं तोंडही मी दुसऱ्याच्याच तोंडून घेतलं.

शेजारणी आल्या. एक म्हणाली, पोरगी शेरात गेली आन् आयला इसरली. "गाडी चुकली," एवढंच म्हणाले. मला वाचता येत नाही म्हणून एका माणसानं माझी गंमत केली, हे सांगायची मला लाज वाटली. त्याला वाटली नाही. लाज माझ्या वाट्याला आली. अशीच वाटणी असते.

अंबडला परत आल्यावर मी पुन्हा विटा वाहायला लागले. माझ्या मनात एकच घोळत होतं. आम्ही सगळं दुसऱ्याच्या तोंडानं वाचतो. औषध, रेशन, हजेरी, कोर्टाची नोटीस. ते तोंड भलं असलं तर आपण नीट पोचतो. त्या तोंडाला हसू आलं तर आपली आई जाते. आणि सगळ्या जगात अशा किती बाया असतील, त्यांना मोजायचं तर तेही वाचता येणारेच मोजणार.

पुढच्या वर्षी आमच्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला. वर्गाची जाहिरात भिंतीवर मोठमोठ्या अक्षरांत रंगवली होती. ज्यांच्यासाठी रंगवली त्यांच्यापैकी एकीलाही ती वाचता येत नव्हती. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, देव जाणे. आम्हाला त्या भिंतीचा एवढाच उपयोग, तिच्या सावलीत बसायचो.

शिकवायला कॉलेजची एक मुलगी यायची. ताई म्हणायचो आम्ही तिला, वयानं लहान असली तरी. चांगली पोर होती. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांच्या पाटीवर त्यांची त्यांची नावं लिहून दिली. मी म्हटलं, "माझं नाव नको. पेठ लिहा."

"मावशी, आधी नाव असतं."

"पेठ."

तिनं लिहिलं. दोन अक्षरं. दोनच! मी त्या दोन अक्षरांकडं बघत राहिले आणि मग जे रडू अंगणात आलं नव्हतं ते आलं. बायका घाबरल्या. ताईला वाटलं, माझं काही दुखतंय.

तीन-चार महिने वर्ग चालला. पण हळूहळू मला कळायला लागलं, आम्हाला वाचायला कुणी शिकवत नाहीये. रोज सही. नुसती सही. बायका आपलं नाव रांगोळीसारखं पाठ करून काढायच्या. त्यातलं कोणतं अक्षर कोणतं, हे विचारलं तर सांगता यायचं नाही. मी ताईला म्हटलं, पुढचं शिकवा. ती म्हणाली, "आधी सगळ्यांची सही होऊ द्या मावशी, वरून सांगितलंय."

आणि मग कार्यक्रम ठरला. मांडव, खुर्च्या, नारळ. जीपमधून मोठे साहेब आले. मागं कापडी फलक, त्यावर मोठी अक्षरं. वस्तीतल्या बायका एकेक करून फळ्यावर जायच्या, खडूनं सही करायच्या, की टाळ्या. शांताबाई म्हणून माझी शेजारीण, माझ्याहून बरीच म्हातारी, तिनं थरथरत्या हातानं नाव काढलं. साहेबांनी तिला हार घातला, फोटो काढला. ती बिचारी किती खूश होती.

मग माझी पाळी आली. मी खडू हातात घेतला. मान वर करून त्या फलकाकडं बघितलं. एवढ्या ओळींत मला फक्त 'प' ओळखू आला. बाकी मुंग्या. त्याच स्टँडवरच्या मुंग्या.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, वर काय लिवलंय ते मला वाचता येत नाय. आधी ते शिकवा. मंग सही करते."

साहेब हसले. खुर्च्यांवरचेही हसले.

"सही येते ना? मग झालीस साक्षर. तुला काय कलेक्टर व्हायचंय?"

ते हसू मी ओळखलं. शर्ट निराळा, माणूस निराळा, हसू तेच. मी खडू फळ्याखाली ठेवला.

"माजं नाव घालू नका. मी साक्षर नाय."

ताईचा चेहरा पांढरा पडला. कुणीतरी म्हणालं, बाईला कुणी तरी शिकवून पाठवलंय. शिकवलंच तर नव्हतं ना! तोच तर तंटा होता. मी नारळ न घेता खाली उतरले आणि घरी आले. नवरा संतापला. म्हणाला, मोठ्या माणसाचा अपमान केलास. मी म्हटलं, "व्हय. पयल्यांदाच."

आमची वस्ती पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाली. त्याच आठवड्यात वर्ग बंद झाला, फळा टेम्पोत घालून नेला. दोन दिवसांनी शांताबाई माझ्याकडं आली. तिच्या नातवाला दवाखान्यातून दोन बाटल्या दिल्या होत्या. एक पोटात घ्यायची, एक अंगाला लावायची. कोणती कोणती, ते ती विसरली होती. मी बाटली उन्हात धरली, तिनंही धरून बघितली. शेवटी भरउन्हात दवाखान्यापर्यंत चालत गेलो. हार घातलेली बाई माझ्या पुढं चालली होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

मी वाचायला शिकले ती स्टँडवर. सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचे. कंडक्टर ओरडायचा "सुरगाणा, सुरगाणा", की मी पाटी बघायचे. हरसूल. इगतपुरी. ओरडणं आणि अक्षर जुळवत बसायचं. कळवणचा क तोच नाशिकचा क, हे कळलं त्या दिवशी मी मोठ्यानं हसले, लोक बघायला लागले. एकदा पोलिसानं हटकलं.

"काय गं, गाडीत तर बसत नाहीस. सारखी इथं काय करतेस?"

"वाचते."

त्याला वाटलं, डोकं फिरलंय. मला हाकलायला लागला. मी उठले नाही. ताईनं जाताना दिलेलं एक फाटकं पुस्तक होतं, ते घरी घेऊन बसायचे. दोन वर्षं गेली त्यात. मग एके दिवशी दुकानातून आणलेल्या फरसाणाचा कागद मी वरपासून खालपर्यंत वाचला. कुठल्यातरी लग्नाची बातमी होती. वाचून झाल्यावर मला आईची इतकी आठवण आली की फरसाण कुणी खाल्लं ते मला कळलंच नाही.

लोक म्हणतात, शिकलीस, चांगलं झालं. झालं असेल. पण माझी आई दाराकडं बघत गेली, ते काही बदललं नाही. ते कोणत्याच अक्षरानं भरून येत नाही, आणि भरून यावं असं मलाही वाटत नाही.

आता मी माझ्याच पत्र्याच्या खोलीत बायकांना शिकवते. कारखान्यातून सुटून येतात, हात-पाय धुतात आणि बसतात. मध्यंतरी एक कार्यकर्ता आला. मोबाइल, बॅज, हातात छापील कागद. म्हणाला, "मावशी, एवढ्या वीस जणींना महिन्याभरात सह्या शिकवून टाका. वस्तीचा आकडा पुरा होईल. आपण कार्यक्रम लावू."

मी त्याला बसायला सांगितलं नाही.

"सही दुसऱ्याच्या कामाची असती," मी म्हटलं. "वाचणं आपल्या कामाचं. मी सही सगळ्यात शेवटी शिकवते."

"अशानं आकडा कधी पुरा व्हायचा?"

"नको होऊ दे. हितली शेवटची बाई कागद हातात घिऊन, कुनाच्या तोंडाकडं न बघता वाचंल, तवर ही वस्ती निरक्षर हाय. तसंच लिहा."

त्यानं कागद पुढं केला. म्हणाला, बरं, निदान भेट दिली म्हणून इथं खाली सही तरी करा.

"आण इकडं," मी म्हटलं. "तू उभा राहा. मी आधी सगळं वाचणार."