ओली वेणी

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जे दुसऱ्यांदा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं मानणारी बाई. तरीही हे लिहितेय... कारण घरात कुणी ऐकून घेत नाही.

आम्ही हूफडॉर्पला राहतो. हे अख्खं डच गाव उपसलेल्या तलावाच्या तळावर वसलंय, समुद्रसपाटीच्याही खाली. लेक ईरा लहान असतानाच इथे आलो. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर झांडफोर्टच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला गेली आणि तिथलीच झाली. आता तिचा व्यवसायच तो — हिवाळाभर पोर्तुगालला इमारतीएवढ्या लाटांवर उभं राहायचं. स्पॉन्सर आहेत, स्पर्धा आहेत. पुण्याच्या नातेवाइकांना मी अजून "स्पोर्ट्समध्ये आहे" एवढंच सांगते. तिने हे सोडावं म्हणून रडले, अबोला धरला. "आई, इट्स माय जॉब," यापलीकडे उत्तर नाही.

गेल्या फेब्रुवारीतली दुपार. घरूनच काम होतं. जेवण झालेलं, बाहेर इतकं धुकं की समोरचा कालवाही दिसेना. सोफ्यावर जरा टेकले आणि डोळा लागला — की नाही लागला, देव जाणे. ईरा माझ्याकडे पाठ करून खाली बसली होती, शाळेत असताना बसायची तशी. मी तिची वेणी घालत होते. केस ओले, गार आणि फार जड. ती सारखी खाली खाली सरकत होती. "हलू नकोस गं, नीट बस," म्हणत मी वेणी धरून तिला वर ओढलं. भीती अजिबात नव्हती. उलट इतकं शांत वाटत होतं की उठूच नये.

जाग आली तेव्हा तळहात ओले होते. घाम म्हणा हवं तर. पण बोटांच्या बेचक्यात वाळू होती.

संध्याकाळी ईराचा फोन आला. आवाज अगदी हळू. दुपारी लाटेवरून पडली, फुगणारं जॅकेट फुगलंच नाही, वर येण्याआधी दुसरी लाट अंगावर. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना.

"आई, समबडी पुल्ड मी अप. बाय माय वेणी."

ईराने केस केव्हाच मुलासारखे बारीक कापलेत. जेट स्कीवरचा तिचा जोडीदार सांगतो, तो पोचण्याआधीच ती पाण्यावर आली होती.

माझा नवरा मिलिंद म्हणाला, "अगं, या देशात वाळू कुठल्या घरात नसते?" असेलही.

"आता तरी सोडशील?" त्या दुपारचं सगळं सांगून मी ईराला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मग थांबून, चक्क मराठीत, "पण आता भीती नाही वाटत. तू आहेस ना."

ऐकून भरून आलं, आणि धास्तीही वाटली. त्या दुपारी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही.

हल्ली मोठ्या लाटा येणार असल्या की तिचा मेसेज येतो. मी रजा टाकते, पडदे ओढते, सोफ्यावर आडवी होते, डोळे घट्ट मिटून घेते. अजून एकदाही झोप लागलेली नाही.