रामा गेनू यांची सही

बाबा निष्ठावान नव्हते.

त्यांना सोडलं नाही, एवढंच.

आज त्यांचा स्मृतिदिन. कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या मुलांचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळपासून त्यांचा फोटो फिरतोय. निवृत्तीच्या सत्काराचा. खांद्यावर शाल, हातात नारळ. खाली ओळ: "एक मालक, एक जन्म. अशी निष्ठा आता कुठे?"

त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्यातल्या एकानेही ब्लीचिंग खातं आतून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धातली, लढाईची वर्षं होती. बाबा घाटावरून साजगावला आले ते पोटासाठी. कारखान्यात बँडेजचं कापड निघायचं. ते पांढरं करायचं काम ब्लीचिंग खात्यात. चुना, ब्लीचिंग पावडर, आणि दारं बंद.

सैनिकांच्या जखमांची काळजी सरकारला होती. कापड धुणाऱ्यांच्या छातीबद्दल सरकारच्या हुकमात काही नव्हतं.

हुकमात होतं ते असं: लढाईच्या कामावरच्या माणसाने मालकाच्या दाखल्याशिवाय काम सोडायचं नाही. दाखला नसलेल्याला दुसऱ्याने ठेवायचं नाही.

इथल्या माणसाला त्याच्या गावचा पाटील ओळखायचा. घाटावरून आलेल्याला ओळख म्हणून फक्त कारखान्याचा पास. पासावर नाव, आणि नावाखाली अंगठा.

दुसऱ्या वर्षी बाबा खोकायला लागले. खोपोलीचे वैद्य म्हणाले, "उघड्यावरचं काम बघ. औषध तेच."

दहिवलीला इस्माईलभाईंची लाकडाची वखार होती. नदीकाठी, चारी बाजूंनी वारा.

"ये रं," ते म्हणाले. "जागा हाय. पण कागद घेऊन ये. बिनकागदाचा ठेवला तर मी आत जाईन."

आई कडावची. चौथी शिकलेली, नवीच लग्न होऊन आलेली.

"दाखल्याच्या अर्जावर अंगठा लावणार तुमी?"

"मग काय नाक लावू?"

"सही करा. नव्या ठिकाणी जाताय, जरा मानानं जा."

तिने परातीत राख पसरली आणि बाबांचं बोट धरून नाव गिरवून घेतलं. रामा गेनू. शेवटचा नू दरवेळी ओळीखाली घसरायचा.

"नू पडतोय तुमचा."

"पडू दे गं. दिवसभर राबून आलाय बिचारा."

महिनाभर हे चाललं. मग बाबांनी अर्जावर सही केली आणि अर्ज घेऊन टाइमऑफिसात, हजेरीच्या कचेरीत गेले.

कारकुनाने पासाची वही काढली. वही बघितली, अर्ज बघितला.

"ही सही कुणाची?"

"माझीच, सायब."

"आमच्या वहीतला रामा गेनू अंगठा लावतो. सही करणारा रामा गेनू आमच्याकडे नाही."

"मग अंगठा लावतो की."

बाबांनी शाईत अंगठा बुडवला आणि सहीशेजारी टेकवला. कारकुनाने वहीतला ठसा आणि हा ठसा जवळजवळ धरले. वहीतल्या अंगठ्यावर रेघा होत्या. अर्जावर नुसता जांभळा गोल.

"हा डाग आहे. ठसा कुठे?"

"चुन्यानं गेला, सायब. तुमच्याच खात्यात."

कारकून हसला. पलीकडच्या टेबलावरच्यालाही बोलावून दाखवलं. तोही हसला.

"मग रोज हजेरीला कोण आसतो?" बाबांनी विचारलं.

"हजेरीला तूच. दाखल्याला ओळख पटली पाहिजे. तुझ्या गावचा पाटील घेऊन ये."

गाव घाटावर. जायला रजा हवी. लढाईच्या कामाला रजा नाही.

शेवटी कडावहून आजोबा आले. डोक्याला स्वच्छ मुंडासं बांधून टाइमऑफिसात उभे राहिले.

"ह्यो माझा जावाय हाय. मी वळखतो त्याला. लेक दिलीय, वळखीशिवाय दिली काय?"

"सासरा चालत नाही," कारकून म्हणाला.

अर्ज परत मिळाला. इस्माईलभाईंनी पंधरा दिवस वाट पाहिली, मग दुसरा माणूस ठेवला. त्यांना दोष नाही.

लढाई संपली. हुकूमही गेला. आता बाबांना कुणी अडवत नव्हतं. पण तोवर खोकला माणसाआधी वखारीच्या दारात पोहोचायचा. असा माणूस कोण ठेवणार? ज्याने तो खोकला दिला, तोच.

याला तुम्ही निष्ठा म्हणता.

फोटोतल्या त्या सत्काराला मी होतो. नुकताच कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो. शाल मिळाल्याची पोच घ्यायला एकाने वही पुढे केली, पेन दिलं. शेजारी शाईचा पॅडही होता.

"बाबा, सही करा," मी हळूच म्हणालो. मला लाज वाटत होती.

त्यांनी पेन बाजूला सारलं.

"हितं अंगठाच लागतो रं."

आणि अंगठा टेकवला. जांभळा गोल. एकही रेघ नाही. तो कुणीही पडताळून पाहिला नाही. शाल घ्यायला ओळख लागत नाही.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मीच उगा सही शिकवली. आधीच अंगठा लावला आसता, तर कारकुनाला संशयच आला नसता." मी तिला कितीदा सांगितलं, आई, अंगठाही गेला होता. तुझी चूक नव्हती. तिला पटलं नाही. हुकूम काढणारे निवांत झोपले असतील. खंत करायचं काम त्यांनी आमच्या आईकडे दिलं होतं.

तो परत आलेला अर्ज तिने ट्रंकेत, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवला होता. ती गेल्यावर मला सापडला.

सोबतचा फोटो त्याचा आहे. सत्काराचा नाही. खालच्या कोपऱ्यात बघा. डागाशेजारी. नू ओळीखाली घसरलाय.

बाबांनी आयुष्यात कागदावर केलेली ही एकच सही.

हा रामा गेनू आहे. मी ओळखतो. मुलगा चालत नसेल, तर तुमचा हुकूम चुलीत घाला.

नमस्कार, बाबा. हा घ्या दाखला. आता या.