संत्र्याच्या सालीचा घाणा

दुकानात तिला सगळे जिभाकाकू म्हणत, आणि हे नाव तिच्या बोलण्यावरून पडलं असावं असा नव्या माणसाचा समज व्हायचा. त्यात नव्या माणसाची चूक नव्हती, कारण काकू बोलायला लागली की समोरच्याची धडगत नसे. पण नाव पडलं होतं कामावरून. दुकान फक्त कुकीजचं, लहानसं पण नावाजलेलं. तिथे सुटी कुकी मिळत नसे. बारा खणांचा पत्र्याचा डबा, प्रत्येक खणात वेगळी कुकी आणि वरून फीत, असा डबा लोक भेट द्यायला न्यायचे. डबे भरण्याआधी प्रत्येक घाण्यातल्या दोन कुकीज काकूपुढे यायच्या, एक ट्रेच्या मधली आणि एक कडेची. ती कुकी मोडायची, वास घ्यायची, चावायची, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि दोनपैकी एकच शब्द बोलायची: "भरा" किंवा "परत". मग झाकणाच्या आत एक कार्ड जायचं. त्यावर छापलेलं असे, ‘चाखून भरले’, आणि खाली काकूची सही. हे बावीस वर्षं चाललं होतं.

ट्रे आणायचे ते भट्टीवाले मामा. तेही बावीस वर्षांपासूनचेच. पाठीला पोक आलेलं, भुवया उष्णतेने अर्ध्याच उरलेल्या, आणि स्वभाव इतका गरीब की काकूला त्यांचा राग यायचा. ते स्वतः चाखून बघत, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होत नसे. ट्रे टेबलावर ठेवून ते काकूच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. काकूने त्यांना कधी "चांगली झालीय" म्हटलं नाही. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, तर ती म्हणाली, चांगली व्हावी म्हणूनच तर तुम्हाला पगार आहे, कौतुक कसलं त्यात. मामा हसले आणि दुसरा ट्रे आणायला गेले.

मग काकूला ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढून ती कामावर आली, नेहमीसारखं खुर्चीवर बसून तिने आल्याची कुकी मोडली, आणि तोंडात घातली तेव्हा तिला काहीच लागलं नाही. आलं नाही, लोणी नाही, गोड आहे एवढंसुद्धा नाही. भिजलेला पुठ्ठा चघळावा तसं झालं. मामा समोर उभे होते. तिने चूळ भरली आणि म्हणाली, "भरा."

घरी आल्यावर तिने जे सापडेल ते तोंडात घातलं. कच्चा कांदा, व्हिनेगर, मूठभर मिरे. डोळ्यांतून पाणी आलं, जिभेला आग झाली, पण चव म्हणून काही नाही. तिची धाकटी बहीण शिवणकाम करायची आणि दोघी दोन खोल्यांत राहायच्या. बहिणीच्या मशीनच्या तेलाची बाटली तिने नाकाला लावली, तर आत पाणी आहे की तेल हे कळेना. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल, कदाचित नाही, थांबा. थांबा म्हणायला याचं काय जातंय, असं ती जिना उतरताना मोठ्याने बोलली. बहिणीचं म्हणणं होतं की दुकानात सांगून टाकावं. काकू तिच्यावर खेकसली.

"काय सांगू? तिथे माझं जिभेशिवाय आहे काय? ती गेली म्हटल्यावर मी कोण?"

 बहीण मशीन चालवत राहिली.

त्या दिवसापासून काकूने डोळ्यांत तेल घालून काम केलं. कुकी मोडताना आवाज कसा येतो ते ती ऐकायची, खालच्या बाजूचा रंग बघायची, चुरा बोटांवर चोळून लोणी किती ते अजमावायची. यातलं बरंचसं तिला आधीही येत होतं, आता तेवढंच उरलं होतं. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायऱ्या उतरताना आज निभावलं म्हणून रडू यायचं. दुकान आता मालकांची सून बघायची. दोन महिन्यांनी ती हसत म्हणाली, "काकू, दोन महिन्यांत एकही घाणा परत नाही. वयानुसार माया आली की काय तुम्हाला?"

थट्टाच होती, पण काकूच्या तोंडचं पाणी पळालं. जिभाकाकू काही परत पाठवत नाही, म्हणजे कोणाला तरी संशय येणार. तिने ठरवलं की आठवड्याला एक घाणा परत पाठवायचा. कोणताही.

नेमका संत्र्याच्या सालीचा आला. ही कुकी मामांनी स्वतः बसवलेली, डब्याच्या मधल्या खणात जाणारी. साल वाळवून, किसून पिठात मळायची. पूर्वी ट्रे दारात असतानाच तिचा वास यायचा, आणि सगळ्यांची नजर चुकवून काकू हीच कुकी जास्तीची खायची. आज ट्रे नाकाखाली होता आणि काही येत नव्हतं. तिला त्या कुकीचाच संताप आला. निदान हिने तरी दगा द्यायला नको होता.

"परत," ती म्हणाली. "कडवट आहे."

मामा गोंधळले. त्यांनी एक तुकडा चावला आणि ट्रे उचलून घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी सालीचा आतला पांढरा भाग खरवडून काढला. काकूने तोही घाणा परत पाठवला. सालीला कडवट म्हटलं की कोणाला खोटं वाटत नाही, हे तिला एव्हाना कळलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी साल तीनदा उकळली, निम्मी केली. त्या आठवड्यात तिने त्यांना मोरीपाशी पाहिलं. ते एक तुकडा चावत होते, चूळ भरत होते, पुन्हा चावत होते. मग ट्रे घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "काकू, आज तरी?"

त्यांच्याकडे न बघता ती "परत" म्हणाली. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी परत पाठवू, असं तिने मनाशी घोकलं. पुढची वेळ आलीच नाही.

सोमवारी ट्रे ठेवायच्या घोडीवर मामांचा एप्रन घडी करून ठेवलेला होता. सूनबाई म्हणाली, मामांनी स्वतःहून काम सोडलं. काकूने कारण विचारलं.

"म्हणाले, माझी जीभ गेली. मला गोड लागतं ते काकूंना कडू लागतं. काकूंची जीभ चुकायची नाही, म्हणजे मीच संपलो."

 इतके दिवस जे दाताखाली धरून ठेवलं होतं ते काकूने तिथल्या तिथे सांगून टाकलं. जीभ माझी गेलीय, मामांची नाही, तीन महिने झाले. सूनबाईने आधी दार लावलं. मग आणखी कोणाला माहीत आहे ते विचारलं. मग म्हणाली की तीन महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही, तेव्हा काकूंनी कार्डावर सही तेवढी करत राहावं, आणि मामा उद्यापर्यंत येत असतील तर यावेत, नाहीतर परवा नवा माणूस येतोय.

तीन महिने काकू रोज मरत होती, आणि दुकानाला त्याचा पत्ताही नव्हता. हे लागलं तिला. पण लागलेलं कुरवाळायला वेळ नव्हता. परत पाठवलेला शेवटचा घाणा मागच्या फळीवर तसाच पडून होता. तिने एक डबा घेतला, बाराही खणांत संत्र्याच्या कुकीज भरल्या आणि कार्ड न घालता निघाली.

मामा तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचे. दार उघडंच होतं. ते टेबलाशी डोळे मिटून बसले होते. पुढ्यात तीन वाट्या होत्या, साखर, मीठ आणि पिळलेलं लिंबू, आणि ते चमचा चाचपडत एकेकीत घालून जिभेला लावत होते. अशाच वाट्या काकूच्या घरच्या फळीवरही होत्या. ती उंबरा ओलांडून आत गेली.

तिने डबा उघडून पुढे ठेवला आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं. "मामा, मला चव लागत नाही. तापापासून. कडवट म्हणाले ते खोटं होतं. तुमचा एकही घाणा बिघडला नव्हता."

 मामा ओरडतील, हाकलून देतील, असं तिला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणाले. "बिघडला नव्हता ते?"

हा टोमणा नव्हता. ते खरोखरच विचारत होते. 

त्यांनी एक कुकी उचलली, मोडली, अर्धी तोंडात घातली आणि बराच वेळ चावली. "कडवटच लागते हो," ते म्हणाले. "आधी नव्हती लागत. तुम्ही तीनदा म्हणालात, आणि आता मला कडवटच लागते. तुम्ही खोटं बोललात हे कळूनही लागते."

काकूने त्यांची विनवणी केली. उद्या या, म्हणाली, जागा तुमचीच आहे, मी सगळं सांगून आलेय. मामांनी उरलेली अर्धी कुकी तिच्यापुढे धरली. तिने ती तोंडात घातली. बावीस वर्षं बघायचे तसे ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने जीव एकवटून चावलं, जिभेवर घोळवलं, साल कुठे आहे ते शोधलं. काही नव्हतं.

"चांगली झालीय," ती म्हणाली.

मामांनी नकारार्थी मान हलवली. डब्याचं झाकण नीट दाबून लावलं आणि डबा हलकेच तिच्याकडे सरकवला.

"परत न्या, काकू," ते म्हणाले.